मासेमारीच्या गाठी: नायलॉन, फ्लुरोकार्बन आणि ब्रेडसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळाने गरवायला लागलेले लोक गाठींबद्दल जे सारखं विचारत असतात ते इथे एका जागी केलंय. आधी तीन शब्द पक्के करून घेऊ. रीलकडे जाते ती मेन लाइन, ज्या टोकाने आपण गाठ बांधतो आणि शेवटी कापून टाकतो ते मोकळं टोक, आणि हुकच्या ज्या भोकातून लाइन ओवतो ते नेढं. पुढे सगळीकडे हेच शब्द येतील.

१. मी एकदम नवीन आहे, एकच गाठ शिकायची तर कुठली शिकू?

युनी. ती सगळ्यात ताकदवान आहे असं नाही, पण एकाच पद्धतीने हुक, स्विव्हल (फिरती कडी), लुअर (नकली आमिष), स्पूल (रीलची लाइन गुंडाळायची चकरी) आणि दोन लाइन्सचा जोड एवढी सगळी कामं निघतात. मोकळं टोक नेढ्यातून ओवा, वीतभर मागे आणा आणि मेन लाइनला समांतर धरा. मग टोक हुकच्या दिशेने वळवून एक मोठा फास करा आणि त्या फासाच्या आतून, दोन्ही पदरांभोवती पाच-सहा वेढे घ्या. टोक ओढलं की वेढे एकमेकांना चिकटतात, मग गाठ ओली करून मेन लाइन ओढा, गाठ सरकत जाऊन नेढ्याला टेकते.

एक बारीक गोष्ट इथे बहुतेकांची राहते: नेढ्याला टेकण्याआधी वेढे पूर्ण आवळायचे नाहीत. घट्ट झालेली गाठ लाइनवरून घासत नेली तर तेवढा भाग गरम होऊन कमजोर होतो. आधी अर्धवट आवळा, सरकवून टेकवा, मग टोक आणि मेन लाइन दोन्ही ओढून पक्कं करा.

२. मग पॅलोमार कशाला शिकायची? सगळे तिचंच नाव घेतात.

कारण ती खरंच चांगली आहे, आणि बांधायला युनीपेक्षाही सोपी. लाइन दुहेरी करून नेढ्यातून ओवा, त्या दुहेरी लाइनची एक साधी सैल गाठ मारा, मग जो फास बाहेर राहिलाय त्यातून अख्खा हुक काढा, ओलं करा आणि दोन्ही पदर एकत्र ओढा. नेढ्यावर दोन पदर येतात त्यामुळे ब्रेडसारखी (विणलेल्या धाग्यांची) गुळगुळीत लाइनसुद्धा नीट पकडली जाते.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे फासातून अख्खी वस्तू जावी लागते, त्यामुळे दोन-तीन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक असलेला मोठा लुअर असला की नुसता गुंता होतो आणि लाइनही जास्त वाया जाते, तिथे युनीच बरी. दुसरं म्हणजे नेढ्यातले दोन पदर एकमेकांवर चढले तर एक पदर दुसऱ्याला कापतो. आवळताना बघत राहा, पदर शेजारी-शेजारीच बसले पाहिजेत. चढलेले दिसले तर ओढून सरळ करत बसू नका, कापा आणि परत बांधा.

३. नायलॉन, फ्लुरोकार्बन आणि ब्रेड यांच्यासाठी खरंच वेगळ्या गाठी लागतात का?

लागतात, कारण तिन्हींचा स्वभावच वेगळा आहे आणि तो एकदा कळला की गाठ पाठ करावी लागत नाही, अंदाजाने निवडता येते.

नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, मऊ आणि ताणला जाणारा. आवळलं की वेढे दबतात आणि एकमेकांत रुततात, त्यामुळे जवळजवळ कुठलीही नीट बांधलेली गाठ धरते. नायलॉन थोडं पाणी शोषतं आणि भिजल्यावर त्याची ताकद जराशी कमी होते, हेही लक्षात ठेवा.

फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, नायलॉनपेक्षा जड असतं म्हणून बुडतं, आणि जास्त कडक असतं. कडक असल्यामुळे वेढे सहज बसत नाहीत, आणि आवळताना घाई केली तर लाइन स्वतःलाच घासून खराब करते. गाठ दिसायला छान असते पण झटका बसला की तिथेच तुटते. याला कमी वेढ्यांच्या, कमी घासणाऱ्या गाठी चालतात: पॅलोमार, युनी, किंवा नेढ्यातून दोनदा ओवलेली ट्रायलीन. सॅन दिएगो जॅम पण चांगली, जरा जाड फ्लुरोला ती खूप छान बसते.

ब्रेड पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते, पाण्यापेक्षा हलकी, जवळजवळ न ताणली जाणारी आणि अतिशय गुळगुळीत. त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा ती कितीतरी बारीक असते. ती गाठीत तुटते कमी आणि सरकते जास्त, म्हणून तिला वेढे जास्त लागतात किंवा नेढ्यावर दुहेरी पदर लागतो. सरकण्याबद्दल प्रश्न ६ बघा.

४. गाठ ओली करायची म्हणजे नेमकं काय, आणि थुंकी चालते का?

आवळण्याच्या आधी, वेढे सैल असतानाच, गाठीवर पाणी लावायचं. लाइन लाइनवर घासली की त्या बारीकशा जागी उष्णता तयार होते, आणि पाणी असलं की घर्षण कमी होतं आणि वेढे एकसारखे सरकून जागेवर बसतात. थुंकी चालते, बहुतेक जण तेच करतात, पण पाणी घाण असेल तर लाइन तोंडात घालू नका, बाटलीतलं दोन थेंब पाणी पुरतं.

पण मुख्य गोष्ट पाणी नाही, वेग आहे. ओली गाठसुद्धा झटक्याने आवळली तर बिघडते. सावकाश, एकाच दमात, ओढ वाढवत न्या. गाठ बसल्यावर लाइनवर पांढुरका डाग दिसला किंवा गाठीच्या वरचा भाग कुरळा झाला तर लाइन घासली गेली आहे असं समजा आणि नवीन बांधा. फ्लुरोकार्बनच्या बाबतीत तर हे दहादा सांगावंसं वाटतं. फ्लुरो तुटतं, विश्वास ठेवता येत नाही अशी जी तक्रार असते तिच्यामागे बऱ्याच वेळा कोरडी आणि घाईत आवळलेली गाठ असते.

५. मी वर्षानुवर्षं इम्प्रूव्हड क्लिंच बांधतोय, ती सोडून द्यायची का?

नायलॉन वापरत असाल आणि लाइन बारीक किंवा मध्यम असेल तर अजिबात सोडू नका. हाताला बसलेली गाठ नवीन शिकलेल्या अर्धवट गाठीपेक्षा केव्हाही बरी. ओवा, मेन लाइनभोवती पाच-सहा वेढे घ्या, टोक नेढ्याजवळच्या छोट्या फटीतून काढा आणि मग जो मोठा फास तयार झाला त्यातून परत काढा. तो शेवटचा टप्पा विसरलात तर साधी क्लिंच राहते आणि ती सरकू शकते.

दोन ठिकाणी मात्र ती टाळा. ब्रेडवर ती सरकते. आणि साधारण २५ पाउंड ताकदीच्या वर लाइन जाड असते, वेढे एकमेकांवर बसत नाहीत, कितीही ओढलं तरी गाठ अर्धवटच राहते. जाड लाइनला कमी वेढ्यांची युनी (प्रश्न ७), फारच जाड असेल तर प्रश्न १६.

६. ब्रेडची गाठ व्यवस्थित दिसत होती तरी मासा लागल्यावर अख्खी सुटून आली, असं का होतं?

सरकली. परत आलेलं टोक बघा, शेंड्याला डुकराच्या शेपटीसारखा पीळ असेल तर गाठ तुटलेली नाही, उलगडली आहे. ब्रेडचा पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत असतो आणि धागा दाबला तरी नायलॉनसारखा रुतत नाही, म्हणून नायलॉनला पुरणारे पाच वेढे ब्रेडला पुरत नाहीत.

पॅलोमार बांधा किंवा युनीला आठ-नऊ वेढे घ्या, शक्य असेल तर नेढ्यातून लाइन दोनदा ओवा. मोकळं टोक जरा लांब ठेवा, चार-पाच मिलिमीटर तरी. आणि आवळताना जोर खरोखरच लावा, कारण ब्रेडची गाठ हलक्या ओढीत बसल्यासारखी दिसते पण खरी बसलेली नसते, मग तिचं उरलेलं आवळणं मासा लागल्यावर होतं आणि तेव्हा ती सरकते. बारीक ब्रेड बोटाला गुंडाळून ओढू नका, कातडी कापली जाते, हातमोजा घाला किंवा एखाद्या गुळगुळीत दांडीला गुंडाळून ओढा.

७. वेढे किती घ्यायचे याचा काही नियम आहे का?

लाइन बारीक तितके वेढे जास्त, लाइन जाड तितके कमी, हाच नियम. बारीक लाइनला कमी वेढे घेतले तर पकड कमी पडते, जाड लाइनला जास्त घेतले तर ते आवळलेच जात नाहीत. युनी घेतली तर ब्रेडला आठ, मध्यम नायलॉनला पाच-सहा, फ्लुरोला चार-पाच, आणि खूप जाड लीडरला (मेन लाइन आणि हुकच्या मधला वेगळा तुकडा) तीन. यात एखाददुसरा इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही, पण वेढे एकमेकांवर चढले तर बिघडतं.

८. ब्रेडला लीडर जोडायला कुठली गाठ?

तीन पर्याय, आणि कुठला घ्यायचा ते लीडर रॉडच्या रिंगांतून आत जाणार आहे की नाही यावर ठरवा.

लीडर छोटा असेल आणि जोड कास्ट करताना (लाइन फेकताना) रिंगांच्या बाहेरच राहत असेल तर डबल युनी बांधून मोकळे व्हा. दोन लाइन्स समोरासमोर ठेवायच्या, प्रत्येकीची दुसरीभोवती युनी, ब्रेडकडून आठ वेढे, लीडरकडून चार, मग दोन्ही मेन लाइन्स ओढल्या की गाठी एकमेकींना येऊन टेकतात. अंधारात, हलत्या बोटीत, कुठेही बांधता येते. पण जाडी होते, रिंगेत अडखळते.

मधला पर्याय अल्बर्टो. लीडरचा फास करायचा, ब्रेड त्यातून ओवायची, फासाच्या दोन्ही पदरांभोवती सात वेढे फासापासून लांब जात आणि सात वेढे त्यांच्याच वरून परत येत, मग ब्रेड ज्या बाजूने फासात शिरली होती त्याच बाजूने बाहेर. ही डबल युनीपेक्षा सडपातळ होते आणि बोटांना लवकर जमते.

तिसरी एफजी. लांब लीडर वापरत असाल, दिवसभर लुअर फेकत असाल तर एफजीला तोड नाही, कारण तिच्यात लीडरची गाठ मुळी पडतच नाही, लीडर सरळच राहतो आणि ब्रेड त्याला विणल्यासारखी आवळते. कशी बांधायची ते पुढच्या प्रश्नात.

९. एफजी बांधायची कशी? व्हिडिओ बघून पण जमत नाही.

जमत नाही कारण ब्रेड ताणलेली राहत नाही. हे एक सुधारलं की बाकी सगळं सोपं आहे. ब्रेडचा एक भाग कायम ताणात पाहिजे, त्यासाठी रॉड कुठेतरी पक्का टेकवून आणि मोकळं टोक दातात किंवा करंगळीला गुंडाळून धरा, नाहीतर मेन लाइन एखाद्या खुंटीला अडकवा.

ताणलेल्या ब्रेडवर लीडर आडवा ठेवा. लीडर ब्रेडच्या एका पदराच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून, मग उलट बाजूने, असा आलटून-पालटून फिरवत जा, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून. मध्यम लीडरला असे वीसेक वेढे, लीडर बारीक असेल तर थोडे जास्त, जाड असेल तर कमी. विणकाम बोटांनी दाबून धरूनच ब्रेडच्या मोकळ्या टोकाने लीडर आणि मेन लाइन दोन्हीभोवती एक हाफ हिच (साधा एकेरी अडका) मारा म्हणजे सुटणार नाही, मग आणखी तीन-चार, एक वरून एक खालून.

आता ओलं करा आणि जोर लावून ओढा, मेन लाइन एका बाजूला आणि लीडर दुसऱ्या बाजूला. ब्रेड लीडरमध्ये रुतली की तिचा रंग गडद होतो, जवळजवळ पारदर्शक दिसायला लागते, तीच खूण. रंग बदलला नाही म्हणजे आवळलं गेलं नाही. मग लीडरचं टोक विणकामाच्या अगदी लगत कापा, नुसत्या मेन लाइनभोवती आणखी पाच-सहा हाफ हिच मारून ब्रेडचं टोक पण कापा.

नदीवर किंवा बोटीत पहिल्यांदा करू नका. घरी बसून, जाड लीडर आणि उठून दिसणाऱ्या रंगाची ब्रेड घेऊन सराव करा.

१०. एफजी कास्ट करता करता आपोआप सुटते, माझी चूक कुठे होते?

तीनपैकी एक. विणकामाचे वेढे दूर-दूर पडलेत आणि मध्ये फटी आहेत, किंवा हाफ हिच सगळ्या एकाच दिशेने मारल्यात त्यामुळे त्या पीळ खाऊन ढिल्या होतात, किंवा ओढताना जोर कमी पडला. तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं. लीडर खूप कडक असेल तर एकदा ओढून थोडं थांबा आणि परत ओढा, दुसऱ्या वेळी पण वेढे थोडे आणखी बसतात. रंग बदलायची खूण प्रश्न ९ मध्ये दिली आहे, तिच्यावरच भरवसा ठेवा.

११. नायलॉनला नायलॉन किंवा फ्लुरो जोडायचं असेल तर?

जाडी साधारण सारखी असेल तर ब्लड नॉट, दिसायला सुंदर, सरळ रेषेत बसते. जाडीत फरक असेल तर सर्जन्स नॉट: दोन्ही लाइन्स काही इंच एकमेकींवर ठेवा, दोन्ही मिळून एक फास करा आणि त्यातून टोक आणि लीडर एकत्र दोनदा काढा, बारीक फ्लुरो असेल तर तीनदा. चारही टोकं सारखी ओढायची. हिच्यात अख्खा लीडर फासातून काढावा लागतो, म्हणून लीडरच्या शेवटी हुक लावण्याआधीच हा जोड करून घ्या.

१२. लुअर नीट पोहत नाही, गाठीमुळे असेल का?

असू शकतं. जाड आणि कडक लीडर नेढ्याला घट्ट आवळला की लुअरचं तोंड एका बाजूला अडकून राहतं आणि डुलणं कमी होतं. लुअरला स्प्लिट रिंग (किल्लीच्या कडीसारखी) किंवा स्नॅप (उघडझाप होणारी कडी) असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. नसेल तर लूप गाठ बांधा.

नॉन-स्लिप लूप मला सगळ्यात भरवशाची वाटते, अमेरिकन अँगलर लेफ्टी क्रे यांनी ती खूप लोकांपर्यंत नेली. टोकापासून वीतभर अंतरावर एक साधी सैल गाठ मारा, टोक नेढ्यातून ओवा आणि त्या सैल गाठीतून परत आणा, ज्या बाजूने बाहेर आलं होतं त्याच बाजूने. मग मेन लाइनभोवती वेढे घ्या आणि पुन्हा त्याच सैल गाठीतून त्याच बाजूने टोक मागे काढा. बारीक लाइनला सात वेढे, मध्यमला चार-पाच, खूप जाडला दोन-तीन. बाजू चुकली तर गाठ वाकडी बसते आणि ताकद जाते, हळू करून बघितलं की लगेच कळतं. लूप लहानच ठेवा, मोठा लूप हुकच्या टोकात अडकतो.

१३. वाकडं नेढं असलेल्या हुकांना स्नेल करायचं म्हणतात, ते का?

स्नेलमध्ये गाठ नेढ्याला नसतेच, हुकच्या दांडीला असते. लाइन नेढ्यातून जाऊन दांडीवर गुंडाळलेली असल्यामुळे ओढ दांडीच्या सरळ रेषेत येते, आणि वर वळलेल्या नेढ्यातून लाइन हुकच्या टोकाच्या बाजूने ओवलेली असेल तर ओढ बसताच हुकचं टोक बाहेरच्या बाजूला फिरतं आणि माशाच्या तोंडात पटकन रुततं. लाइन उलट बाजूने ओवली तर हा फायदा जातो, म्हणून ओवण्याची दिशा दोनदा तपासा.

सोपी पद्धत: टोक ओवा, दांडीला समांतर एक फास करा आणि टोकाने दांडी आणि फास दोन्हीभोवती सहा-सात वेढे घ्या, म्हणजे दांडीवर केलेली युनीच. आमिष लावून गरवायला, खास करून जाड लाइन असेल तर, याहून चांगलं काही नाही. नेढ्याची कड धारदार असेल तर तिच्यावर लाइन घासत नाही हा वेगळा फायदा.

१४. एका लाइनवर दोन हुक लावायचे असतील तर?

दुसऱ्या हुकसाठी मधेच ड्रॉपर लूप करा. मेन लाइनचा एक मोठा फास, त्याचे पदर एकमेकांभोवती पाच-सहा वेळा पिळायचे, पिळाच्या बरोबर मधली फट मोठी करून त्यातून फासाचा समोरचा भाग ओढून काढायचा आणि दोन्ही बाजूंनी लाइन ओढायची. लूप मेन लाइनला काटकोनात उभा राहतो. ही गाठ लाइनची ताकद बऱ्यापैकी कमी करते, त्यामुळे ड्रॉपर असलेला भाग मेन लाइनपेक्षा जाड ठेवा.

हुक वर आणि वजन खाली अशा ड्रॉप शॉटसाठी मात्र पॅलोमारच, फक्त मोकळं टोक लांब सोडा आणि गाठ झाल्यावर ते हुकच्या टोकाच्या बाजूने परत नेढ्यातून खाली काढा, म्हणजे हुक लाइनला आडवा राहतो.

१५. रीलवर ब्रेड भरली पण ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट असूनही सगळी लाइन स्पूलभोवती गोल फिरते, गाठ चुकली का?

गाठ बहुतेक बरोबर असते, ब्रेडच गुळगुळीत धातूवर सरकते. खाली आधी काही मीटर नायलॉन भरा आणि त्याला ब्रेड डबल युनीने जोडा, किंवा स्पूलवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. काही स्पूलना त्यासाठीच रबराची पट्टी असते. स्पूलला बांधायला आर्बर नॉट पुरते: लाइन स्पूलभोवती फिरवून मेन लाइनभोवती एक साधी गाठ, टोकाला अजून एक साधी गाठ, ओढली की पहिली सरकून स्पूलवर बसते आणि दुसरी तिला अडवते.

१६. फारच जाड लीडर किंवा स्टीलची तार असेल तर?

साधारण १०० पाउंड आणि वरच्या नायलॉन लीडरला हाताने गाठ नीट आवळणं अवघड जातं, तिथे धातूची स्लीव्ह (छोटी नळी) लावून क्रिंप करतात, म्हणजे दाबून बसवतात. स्लीव्ह लाइनच्या मापाचीच पाहिजे आणि क्रिंपिंगचा पक्कड त्यासाठीचाच. साध्या पक्कडीने दाबली तर कडा लाइन कापतात.

एकेरी स्टील तारेला गाठ बांधतच नाहीत, हेवायर ट्विस्ट करतात. दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्याच फिरल्या पाहिजेत, मग शेवटी चार-पाच घट्ट काटकोनी वेढे, आणि उरलेली तार पक्कडीने कापायची नाही, हँडलसारखी वाकवून मागेपुढे करत मोडायची. कापलेलं टोक बोट फाडतं. अनेक धाग्यांच्या मऊ तारेला फिगर एट चालते.

१७. मोकळं टोक किती ठेवायचं? जाळून गोळी करू का, सुपरग्लू लावू का?

नायलॉन आणि फ्लुरोला दोन-तीन मिलिमीटर. ब्रेडला जरा जास्त. एकदम लगत कापू नका, कारण मोठी ओढ बसली की गाठ आणखी थोडी आवळते आणि टोक थोडं आत जातं. एफजी मधलं लीडरचं टोक हा एकच अपवाद.

लायटरने गोळी करणं जाड नायलॉन लीडरवर ठीक आहे, पण शेजारी ब्रेड असेल तर नको. ब्रेडचं पॉलिथिलीन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं, नायलॉनला त्याहून बरंच जास्त लागतं, ज्योत जवळून गेली तरी ब्रेड गेली. ग्लूने चांगली गाठ अजून टिकाऊ होत असेल, वाईट गाठ चांगली होत नाही, आणि वाळल्यावर तो भाग कडक होऊन रिंगेत खटखटतो. एफजीच्या शेवटच्या हाफ हिचवर एखादा थेंब इतपतच ठीक.

कापलेले तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नका. नायलॉन सहज कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतं. खिशात घालून परत आणा.

१८. अमुक गाठ लाइनची ९५ टक्के ताकद टिकवते, तमुक १०० टक्के असं वाचलंय, खरं किती?

ते आकडे एका लाइनवर, एका माणसाने, एका पद्धतीने ओढून काढलेले असतात. लाइन बदलली, जाडी बदलली, सावकाश ओढण्याऐवजी झटका दिला की क्रम बदलतो. आणि मुळात ड्रॅग आपण लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतो. म्हणजे २० पाउंडच्या लाइनवर ड्रॅग पाच-सात पाउंडला सुटतो, तिथे ८० टक्क्यांची गाठ पण आरामात पुरते. दर वेळी ८० टक्के देणारी गाठ हवी, एकदा ९८ आणि एकदा ४० देणारी नको.

घरी तपासायचं तर दोन गाठी एकाच तुकड्याच्या दोन टोकांना बांधा, दोन हुक किंवा रिंगांना अडकवा आणि डोळ्यांना चष्मा लावून, हातमोजे घालून सावकाश ओढा. जी तुटली ती कमजोर. हे पाच-सहा वेळा करा, एकदा सावकाश आणि एकदा झटका देऊन. तुमच्याच लाइनवर तुमच्याच हाताची गाठ, यापेक्षा खरी माहिती कुठे मिळणार नाही.

लाइनची जवळजवळ पूर्ण ताकद खरंच लागत असेल, म्हणजे फार बारीक लाइनवर फार मोठा मासा, तेव्हा बिमिनी ट्विस्ट शिका. वीस पीळ देऊन लाइन दुहेरी करायची आणि पुढच्या गाठी त्या दुहेरी भागाला. बाकीच्यांना तिची गरज क्वचित पडते.

१९. लाइन तुटून आली, कारण कसं ओळखायचं?

टोकाकडे बघितल्याशिवाय नवीन गाठ बांधायचीच नाही, ही सवय लावून घ्या. कुरळं टोक म्हणजे गाठ सरकली (प्रश्न ६). गाठीच्या जागीच तुटलेलं, थोडं कुरळं आणि पांढुरकं टोक म्हणजे आवळताना जळलं किंवा पदर चढले होते (प्रश्न २ आणि ४). टोकाच्या वरचा बराच भाग खरखरीत, ओरखडे पडलेला म्हणजे दगड, शिंपले किंवा लाकडावर घासली, गाठीचा दोष नाही, लीडर जाड करा. स्वच्छ कापल्यासारखं टोक म्हणजे दात. आणि गाठीपासून लांब, मधेच तुटली असेल तर लाइन जुनी झालीय, कुठेतरी चिरलीय, किंवा रॉडच्या एखाद्या रिंगेला चीर पडलीय. रिंगांतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे धागे अडकतात तिथे चीर.

२०. गाठ कधी बदलायची?

मोठा मासा काढल्यावर, लुअर अडकून जोरात ओढून सोडवल्यावर, आणि शेवटचा फूटभर भाग नखावरून ओढला की खरखर लागली तर, लगेच. या तिन्हींपैकी काही झालं नसलं तरी दिवसाची सुरुवात कालच्या गाठीने करू नका. ऊन नायलॉनला कमजोर करतं, म्हणून गाडीच्या काचेशी पडलेल्या रीलवर विसंबू नका.

२१. कास्ट करताना ब्रेडमध्ये मधेच आपोआप गाठ पडते, तशीच वापरली तर चालेल का?

नाही. ती साधी निरगाठ असते आणि साध्या निरगाठीने लाइनची ताकद फार कमी होते, बारीक ब्रेडमध्ये तर अर्ध्यावर येऊ शकते. घट्ट झालेली नसेल तर सुईने किंवा हुकच्या टोकाने फास सैल करा, मेन लाइन ओढून सोडवायचा प्रयत्न करू नका, त्याने ती जास्तच आवळते. सुटत नसेल तर कापा. परत परत होत असेल तर स्पूल जास्त भरलाय का बघा, आणि कास्ट झाल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करून ढिली लाइन बोटाने ताणून घेतल्याशिवाय रील फिरवू नका.

२२. थंडीत बोटं चालत नाहीत, संध्याकाळी नेढं दिसत नाही, मग?

लीडर घरीच बांधून, गुंडाळून, डबीत न्या, एका बाजूला हुक किंवा स्नॅप आणि दुसऱ्या बाजूला स्विव्हल. पाण्याजवळ मग फक्त स्विव्हलला एक युनी मारायची. नेढं दिसत नसेल तर हुक फिक्या आकाशासमोर किंवा पांढऱ्या कापडासमोर धरा आणि लाइनचं टोक तिरपं कापा, पटकन ओवलं जातं. डोक्याला लावायचा छोटा दिवा असला की दोन्ही हात मोकळे राहतात. आणि बोटं बधिर असताना एफजीच्या नादी लागू नका, डबल युनी डोळे मिटून जमते तेव्हा तीच बांधा.